क्रिप्टफोरजीएच: जनुकीय फाइल पाठवण्याचं कुलूप आणि त्याच्या बाहेर राहणाऱ्या गोष्टी

बडोद्यातून पुण्याला, हैदराबादला किंवा परदेशी जनुकीय माहिती पाठवायची म्हटलं की अनेक ठिकाणी अजून तीच जुनी रीत दिसते. फाइल झिप करायची, पासवर्ड लावायचा, ड्राइव्हवर चढवायची, लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची आणि दोन मिनिटांनी त्याच चॅटमध्ये पासवर्डही टाकायचा. म्हणजे कुलूप लावून किल्ली कडीलाच लटकवायची. या रीतीला जो खरा पर्याय आहे त्याचं हे परीक्षण: क्रिप्टफोरजीएच. ग्लोबल अलायन्स फॉर जीनोमिक्स अँड हेल्थ या संस्थेने 2019 मध्ये मान्य केलेलं हे फाइल-एन्क्रिप्शनचं (फाइल कुलूपबंद करण्याचं) प्रमाण आहे, आणि युरोपियन जीनोम-फिनोम आर्काइव्हमध्ये फाइल जमा करतानाही तेच चालतं. दाम शून्य.

निकाल आधीच सांगतो. कुलूप म्हणून पाचपैकी साडेचार. पण 'आता आमच्या पेशंटची माहिती सुरक्षित' एवढ्या मोठ्या दाव्यासाठी दोनसुद्धा देता येत नाहीत, आणि त्यात साधनाचा दोष नाही. गळती बहुतेक वेळा कुलपातून होत नाही. आत काय भरलं आणि शेजारी काय ठेवलं, तिथून होते.

इतकी काळजी कशाला, हा प्रश्न प्रत्येक मीटिंगमध्ये निघतो. नाव काढलंच आहे ना? पण डीएनएवरची एकमेकांशी न जोडलेली जेमतेम 30 ते 80 स्थानं जुळवली तर जगातला माणूस वेगळा काढता येतो, हे 2004 सालीच मांडलं गेलं; पूर्ण जीनोममध्ये, म्हणजे माणसाच्या अख्ख्या डीएनएत, अशी लाखो स्थानं असतात. 2013 मध्ये तर वाय गुणसूत्रावरच्या खुणा वंशावळीच्या सार्वजनिक साइटवर ताडून पाहून, त्यांना वय आणि राज्याची जोड देऊन, निनावी म्हणून खुल्या ठेवलेल्या अमेरिकी नमुन्यांतून जवळपास 50 जणांची ओळख लावली गेली. आपल्याकडे कुलकर्णी-देशपांडे ही वतनावरून आलेली आडनावं असंख्य कुळांत आहेत, म्हणून वाय गुणसूत्रावरून आडनाव काढण्याची युक्ती तशीच्या तशी इथे चालणार नाही. पण त्या दिलाशावर फार विसंबू नये. डीएनएवरून चुलत-आते-मामे नात्यांची जुळणी सगळीकडे सारखीच चालते. शिवाय बँकेचा पासवर्ड फुटला तर बदलता येतो, जीनोम बदलता येत नाही, आणि एकाचा फुटला की भावंडांचा अर्धा फुटतो. स्थळ बघताना 'त्यांच्या घरात काहीतरी आहे म्हणे' एवढ्या कुजबुजीवर मोडणाऱ्या सोयरिकी सगळ्यांना माहीत आहेत.

आता साधनाकडे. पायथन ही प्रोग्रामिंग भाषा असलेल्या कुठल्याही संगणकावर तिच्या पिप या इन्स्टॉलरने ते बसतं. मूळ आवृत्तीला खिडक्या-बटणं नाहीत, काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप कराव्या लागतात. लिनक्सची सवय असलेल्या बायोइन्फर्मॅटिक्सवाल्याला त्याचं काही वाटणार नाही, डॉक्टरांना मात्र ते अवघड वाटेल. पहिली पायरी किल्ल्यांची जोडी तयार करण्याची. एक खाजगी, एक सार्वजनिक. माहिती घेणाऱ्याने आपली जोडी आपल्याच मशीनवर करायची आणि फक्त सार्वजनिक किल्ली पाठवायची. इथे पहिली चूक होते: पाठवणारी लॅब 'सोय म्हणून' दोन्ही किल्ल्या स्वतःच तयार करते आणि मेलने पाठवते. मग सगळा खटाटोप फुकट.

सार्वजनिक किल्ली फक्त 32 बाइटची, म्हणजे मजकुराच्या रूपात 44 अक्षरांची एक ओळ. तेवढी फोनवर वाचून ताडता येते, आणि ताडावीच. मेलमधून आलेली किल्ली खरोखर समोरच्याचीच आहे याची हमी हे प्रमाण देत नाही. मेल खातं दुसऱ्याच्या हातात असेल तर तुम्ही अगदी शास्त्रशुद्ध पद्धतीने चोरासाठी फाइल बंद कराल. फोन करताना नंबर मेलमधल्या सहीखालचा घेऊ नका, आधीपासून ठाऊक असलेला घ्या.

खाजगी किल्लीला पासफ्रेज (लांबलचक पासवर्ड) लागतो. तो विसरला की फाइल गेली, 'फरगॉट पासवर्ड' नावाची सोय इथे नाही. उलट्या बाजूचा घोटाळाही तितकाच नेहमीचा: रात्री आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टला पासफ्रेज लागतो म्हणून तो स्क्रिप्टमध्येच लिहितात, आणि ती स्क्रिप्ट सगळ्या विद्यार्थ्यांना उघडता येईल अशा सामायिक फोल्डरमध्ये पडून राहते. किल्लीची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन विभागप्रमुखांच्या कपाटात आणि पासफ्रेज बंद पाकिटात दुसऱ्या कपाटात, हा जुनाट उपाय अजून सर्वात भरवशाचा आहे.

फाइलची आतली रचना समजून घेतली की हे साधन झिपपेक्षा सरस का ते कळतं. मूळ फाइलचे 64 किलोबाइटचे, म्हणजे 65,536 बाइटचे, ठोकळे पाडले जातात. प्रत्येक ठोकळा स्वतंत्रपणे बंद होतो आणि त्यात 28 बाइट वाढतात: 12 त्या ठोकळ्यापुरता वापरलेल्या यादृच्छिक आकड्याचे, 16 मजकुरात फेरफार झाला का ते ओळखणाऱ्या मोहरेचे. 100 जीबीच्या बॅम फाइलमागे (यंत्राने वाचलेले डीएनएचे तुकडे, म्हणजे रीड्स, जिच्यात असतात ती फाइल) ही भर सुमारे 43 एमबी. नगण्य. सगळ्यात पुढे एक छोटं हेडर, एकच घेणारा असेल तर अवघं 124 बाइटचं. त्यातल्या 108 बाइटच्या पुडीत फाइलची खरी किल्ली घेणाऱ्याच्या सार्वजनिक किल्लीने बंद करून ठेवलेली असते.

या 108 बाइटांतच सगळी गंमत आहे. उद्या तीच फाइल दुसऱ्या संस्थेला द्यायची झाली तर 100 जीबी पुन्हा उघडून पुन्हा बंद करायची गरज नाही. हेडरमधली पुडी तेवढी नव्या किल्लीसाठी बदलायची, धड तसंच. दोघांना द्यायची तर दोन पुड्या. मंजुरीच्या अर्जांवर चालणाऱ्या मोठ्या संग्रहांना ही सोय फार उपयोगी पडते: फाइल साठवणीत कायम बंदच राहते, आणि मंजुरी मिळेल त्याच्यासाठी फक्त हेडर नवं बनतं. ठोकळे वेगवेगळे असल्याने 17व्या गुणसूत्रावरचा एखादा तुकडा वाचण्यासाठी अख्खी फाइलही उघडावी लागत नाही. बॅम हाताळणाऱ्या सॅमटूल्स या साधनाच्या मागे असलेल्या एचटीएसलिब लायब्ररीसाठी तसं प्लगइनही आहे. पासवर्डवाल्या झिपमध्ये यातलं काही नाही, आणि जीपीजी या सर्वसाधारण एन्क्रिप्शन साधनाने बंद केलेली फाइल सुरुवातीपासून उलगडत यावं लागतं.

वेगाची तक्रार नको. अडथळा येतो तो इंटरनेटचा. 100 एमबीपीएसच्या लाइनवर 100 जीबी चढवायला कागदावरच सव्वादोन तास होतात, प्रत्यक्षात जास्त. शक्य असेल तिथे बॅमऐवजी तिचंच आटोपशीर रूप असलेली क्रॅम पाठवा, आणि समोरच्याला फक्त व्हेरिएंट (डीएनएतले फरक) हवे असतील तर त्यांची यादी असलेल्या व्हीसीएफवर भागवा. कमी पाठवणं हा गोपनीयतेचाही पहिला नियम.

आता साडेचारमधला अर्धा गुण का कापला ते. प्रत्येक ठोकळ्यावर मोहोर असली तरी ठोकळ्यांचा क्रम आणि एकूण संख्या कुठे बांधलेली नसते. त्यामुळे अपलोड नेमका ठोकळ्याच्या सीमेवर तुटला, तर उघडताना साधन कुरकुर न करता अपुरी फाइल हातात देऊ शकतं. बॅममध्ये शेवटी ठरावीक खूण असते, सॅमटूल्सचं क्विकचेक ती नसल्याचं लगेच सांगतं. जीझिप केलेल्या फास्टक्यूची (कच्च्या रीड्सच्या फाइलची) तपासणीही होते. पण साध्या मजकुरातल्या व्हीसीएफला किंवा फिनोटाइपच्या (रुग्णाच्या लक्षणांच्या) सीएसव्ही तक्त्याला असं संरक्षण नाही. 800 पेशंटांऐवजी 790 पोचले तर कोणाच्या लक्षात येणार? म्हणून बंद करण्याआधी मूळ फाइलचा आणि बंद केल्यावर नव्या फाइलचा, असे दोन्ही शा-256 (फाइलचा ठसा म्हणता येईल असा तपासणी-आकडा) काढायचे आणि वेगळ्या मार्गाने कळवायचे.

दुसरी मेख जास्त फसवी. यात 'एवढाच भाग वाचू दे' असं सांगणारी एडिट लिस्टची सोय आहे. नावावरून वाटतं की उरलेला भाग समोरच्याला दिसणारच नाही. तसं नाही. ठोकळा उघडणारी किल्ली घेणाऱ्याच्या हातात असतेच, यादी फक्त 'इथपासून इथपर्यंत वगळ' एवढं सांगते. सभ्य सॉफ्टवेअर ते ऐकतं. ज्याला ऐकायचं नाही तो ठोकळ्यात आलेला शेजारचा भागही वाचतो. स्तनाच्या कर्करोगाशी जोडलेला बीआरसीए1 हा जीन एवढंच द्यायचं असेल तर आधी सॅमटूल्स किंवा व्हीसीएफसाठीच्या बीसीएफटूल्सने तेवढा प्रदेश कापून वेगळी फाइल करा, मग ती बंद करा. एडिट लिस्ट ही बँडविड्थ वाचवण्याची सोय आहे, गोपनीयतेची नाही.

आणि एकदा दिलेलं परत घेता येत नाही. समोरच्याने फाइल उघडून लॅबच्या सर्व्हरवर साधी ठेवली की हे साधन संपलं. उघडताना डिस्कवर न लिहिता थेट पुढच्या आज्ञेला पाइप करता येतं, ते करारातच लिहून घ्या. तरी सॉर्टिंगच्या वेळी तयार होणाऱ्या तात्पुरत्या फाइली साध्याच राहतात. प्रोग्राम मध्येच मेला की त्या टेम्प फोल्डरमध्ये तशाच पडून असतात, आणि वर्षभराने कोणीतरी जागा का भरली म्हणून बघतं तेव्हा सापडतात.

आत काय भरलंय याकडे लोक सर्वात कमी बघतात. बॅमचं हेडर एकदा डोळ्यांनी वाचा. आरजी ओळीत सॅम्पलचं नाव असतं, ते बहुतेकांना माहीत असतं. पीजी ओळी मात्र कोणी उघडत नाही. त्यात पाइपलाइनच्या प्रत्येक पायरीची पूर्ण आज्ञा, फोल्डरच्या मार्गासकट, नोंदलेली असते. फोल्डरला पेशंटच्या आडनावाचं किंवा केस नंबरचं नाव असेल तर आरजी कितीही साफ केली तरी नाव सहा ठिकाणी तसंच उरतं. सॅमटूल्सच्या रीहेडरने ओळी बदलता येतात, पण ते जाता जाता स्वतःची नवी पीजी ओळ जोडतं, आणि तुम्ही दिलेल्या आज्ञेत जुनं फाइलनाव असेल तर ते पुन्हा आत शिरतं. त्यासाठी 'नो-पीजी' हा पर्याय द्यावा लागतो. बीसीएफटूल्सही व्हीसीएफच्या माथ्यावर आज्ञा लिहितं, तिथे 'नो-व्हर्जन'. मुळापासून उपाय एकच: सॅम्पल लॅबमध्ये शिरतानाच यादृच्छिक क्रमांक द्या आणि पुढे कुठल्याही फोल्डरला त्याशिवाय दुसरं नाव देऊ नका.

यादृच्छिक म्हणजे यादृच्छिकच. केस नंबरचा किंवा मोबाइल नंबरचा हॅश (ठरावीक सूत्राने काढलेला सांकेतिक आकडा) काढून 'आता ओळखू येत नाही' म्हणणारे बरेच भेटतात. दहा आकडी मोबाइल नंबर जास्तीत जास्त 1,000 कोटी. तेवढ्या सगळ्यांचे हॅश काढून जुळवणं साध्या ग्राफिक्स कार्डालाही जड नाही. क्रमांक आणि नाव यांची जोडणारी यादी एका माणसाकडे, इंटरनेटला न जोडलेल्या मशीनवर. ती यादी एक्सेलमध्ये 'मास्टर फायनल न्यू' या नावाने तिघांच्या लॅपटॉपवर फिरत असेल तर वरचं सगळं वाचण्यात अर्थ नाही.

शेजारी काय ठेवलं याचं एक नेमकं उदाहरण. बॅम बंद केली जाते, तिची इंडेक्स फाइल मात्र 'त्यात काय, नुसते आकडे' म्हणून उघडी चढवली जाते. ती इंडेक्स दर 16,384 बेसमागे (डीएनएच्या अक्षरांमागे) फाइलमधली जागा सांगते. त्यावरून कुठे किती रीड्स आहेत याचा अंदाज निघतो, त्यावरून व्यक्ती स्त्री की पुरुष हे कळतं, आणि गुणसूत्राचा मोठा तुकडा गायब किंवा दुप्पट असेल तर तेही दिसतं. म्हणजे निदानच उघडं. इंडेक्सही बंद करा, किंवा पाठवूच नका. समोरचा मिनिटांत पुन्हा बनवून घेईल.

आणि मग ती एक्सेल शीट. बडोद्यापुरतं बोलायचं तर खरा धोका इथेच आहे. दांडिया बाजार, रावपुरा या भागांतली मराठी कुटुंबं गायकवाडी काळापासून एकमेकांना ओळखून आहेत. 'सीकेपी, पिनकोड 390001, जन्म 1961, हंटिंग्टन, दोन जुळ्या मुली' अशी ओळ शीटमध्ये असेल तर नाव सांगायला डीएनए लागतच नाही, गणपतीच्या मांडवात कोणीही सांगेल. अमेरिकेत पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावर 87 टक्के लोक वेगळे काढता येतात असा अंदाज 2000 साली मांडला गेला. आपल्याकडे त्यात पोटजात मिळवली की विचारायलाच नको. छोटा उदेपूर किंवा नर्मदा जिल्ह्यातल्या सिकलसेलच्या नमुन्यांना गावाचं नाव जोडणं तर त्याहून वाईट, तिथे एका व्यक्तीऐवजी अख्ख्या फळियाला (वस्तीला) डाग लागतो.

काय करावं? जन्मतारखेऐवजी पाच वर्षांचा वयोगट, नव्वदीपुढचे सगळे एका गटात. पिनकोडऐवजी जिल्हा, आणि जिल्ह्यातही सॅम्पल मोजके असतील तर राज्य. पोटजात संशोधनाच्या प्रश्नाला लागत असेल तरच. तेव्हाही शीटमधल्या प्रत्येक संयोगात निदान पाच माणसं बसतात का ते मोजून बघायचं, न बसल्यास रकाना ढोबळ करायचा. वंशवृक्षाकडे खास लक्ष द्या. चार पिढ्या, मधल्या पिढीत जुळ्या बहिणी, एक मामे-आतेचं लग्न: हा आकारच ओळखपत्र आहे. विश्लेषणाला न लागणाऱ्या फांद्या कापा, निरोगी भावंडांचा क्रम बदला. 'ट्विन' असा शेरा कारण नसताना ठेवू नका.

'आम्ही तो जीन काढून टाकला' या समाधानाबद्दलही बोलायला हवं. जेम्स वॉटसनने आपला जीनोम प्रसिद्ध करताना अल्झायमरशी जोडलेला एपीओई जीन झाकायला सांगितला होता. शेजारची स्थानं त्याच्यासोबतच वारशाने येतात, त्यामुळे झाकलेलं त्यांच्यावरून ओळखता येतं, हे इतर संशोधकांनी लगेच दाखवून दिलं. झाकायचंच तर जीनच्या दोन्ही बाजूंचा मोठा पट्टा झाका, आणि तरीही अंदाज बांधण्याचं सॉफ्टवेअर स्वतः चालवून काय हाती लागतं ते पाठवण्याआधी तपासा.

मग नुसत्या एकत्रित वारंवारता (कुठला व्हेरिएंट किती जणांत आहे) द्याव्यात का? बऱ्याचदा हेच उत्तम उत्तर असतं, पण तेही निर्धोक नाही. मिश्रणात एखाद्याच्या डीएनएचा वाटा 0.1 टक्क्याहून कमी असला तरी तो तिथे आहे की नाही हे सांगता येतं, असं 2008 मध्ये दाखवलं गेलं, आणि अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने आपल्या खुल्या एकत्रित फाइली तातडीने बंद केल्या. दहा वर्षांनी, धोका-फायदा तोलून, बहुतेक पुन्हा खुल्या केल्या. 'हा व्हेरिएंट तुमच्याकडे आहे का?' याला फक्त हो-नाही सांगणाऱ्या बीकन सेवेतही 1,000 जणांच्या संचात सुमारे 5,000 प्रश्नांत माणूस सापडू शकतो, हे 2015 मध्ये मांडलं गेलं. मात्र या दोन्ही हल्ल्यांसाठी त्या माणसाचा जीनोम हल्लेखोराकडे आधीच असावा लागतो. 'मधुमेहाचे रुग्ण' या संचात कोणी असणं आणि 'एचआयव्ही' संचात असणं यांत फरक आहे. सरसकट घाबरून सगळं बंद करणं मला पटत नाही.

भारतातल्या भारतात द्यायचं असेल तर फरिदाबादचं इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर आहे. जीनोमइंडियाच्या 10,000 जीनोमांची माहिती जानेवारी 2025 पासून तिथूनच, अर्ज तपासून दिली जाते. स्वतःच्या सर्व्हरवर 'लिंक असेल त्याला उघडेल' अशी सोय करण्यापेक्षा हे केव्हाही बरं. परदेशी द्यायचं तर तुमच्या एथिक्स कमिटीबरोबरच आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग समितीचाही रस्ता आहे, आणि कन्सेंट फॉर्ममध्ये 'इतर संस्थांना, भारताबाहेर' हे शब्द नसतील तर कुठलंही एन्क्रिप्शन ती उणीव भरून काढत नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती कायद्यात संशोधनाला सूट आहे खरी. पण त्या माहितीवरून त्याच माणसाबद्दल काही निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवलेली मानकं पाळायची, या अटींवर.

कोणी घ्यावं? महिन्यातून एकदा जरी बॅम, क्रॅम, व्हीसीएफ बाहेर जात असतील तर आजच बसवा. शिकायला एक दुपार पुरते. वर्षाकाठी चार छोट्या फाइली आणि समोर कमांड लाइन न येणारा डॉक्टर, तर जीपीजी किंवा संस्थेच्या सुरक्षित सर्व्हरवर एसएफटीपी (बंद वाटेने फाइल चढवण्याची रीत) पुरे. न वापरलं जाणारं चांगलं साधन काही कामाचं नाही. आणि समोरच्याला शेवटी फक्त 'केसेसमध्ये किती, कंट्रोल्समध्ये किती' एवढंच हवं असेल, तर फाइल पाठवूच नका. त्यांची स्क्रिप्ट मागवा, ओळ न् ओळ वाचा, आपल्या मशीनवर चालवा, निकालात पाचपेक्षा लहान आकडे असतील तर ते '5 पेक्षा कमी' असे करून तेवढा तक्ता मेलने द्या. बेरजेचा रकाना मात्र तसाच ठेवू नका, वजाबाकी करून लपवलेला आकडा लगेच निघतो.